झिजलेल्या कपाळाचा डॉलर

दिवाळी होऊन दुसऱ्या मंगळवारी सकाळी मिरजेच्या एका दवाखान्यात तुमचे हृदय थांबले. दुपारी कृष्णेकाठी तुम्हाला अग्नी दिला. साल १९७७.

बातमी मीच लिहिली. वय, मूळ गाव, दवाखान्याची वर्षे, मागे कोण, सगळे तिच्यात आले. ते इथे पुन्हा लिहीत नाही. डॉक्टर, हा मजकूर तुमच्यासाठी आहे आणि तुम्ही हयात असताना जी बातमी मला छापू दिली नाहीत तिच्याबद्दल आहे.

आधी मंगळवारचीच एक गोष्ट. तुम्हाला सांगलीच्या घरी आणून ओसरीवर ठेवले होते. तुमचे धाकटे भाऊ बाळासाहेब साताऱ्याहून आले, थेट तुमच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्यांनी गर्दी बाजूला केली, खिशातून चांदीचा एक जुना अमेरिकन डॉलर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि तुमच्या उजव्या तळहातावर ठेवला. बोटे वळत नव्हती. त्यांनी ती वळवली.

"दादांचा जीव हुता ह्याच्यावर," ते म्हणाले. "दादांसंगं जाऊ दे."

लोक हळहळले. मागून कुणीतरी म्हणाले, "लय मोलाचा हाय म्हनं. आन बघा, दिला. भाऊ असावा तर असा."

मी तुमच्या उशाशी उभा होतो. बोटे मिटण्यापूर्वी मी तो डॉलर पाहिला. त्यावरच्या बाईचे कपाळ झिजलेले होते आणि कडेला सराफाचा घाव नव्हता. म्हणजे तो टाकसाळीत मारलेला नव्हता, साच्यात ओतलेला होता. आयुष्यभर खरे-खोटे पारखलेल्या माणसाच्या मुठीत खोटे नाणे कोंबून त्याला जाळले, आणि सरणाला हात लावणाऱ्यांमध्ये मी होतो.

या दोन खुणा समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. म्हणून थोडे मागे जातो.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो दाढ काढून घ्यायला, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. तुमच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. त्यांच्यामध्ये पांढऱ्या गोल चकत्या होत्या आणि प्रत्येक चकतीवर त्याच एका बाईचा मुखवटा होता. माझे तोंड उघडे, त्यात तुमचा आरसा. विचारायची सोय नव्हती. तुम्हीच बोलत होता.

"ही बाई अमेरिकेची. आपल्याकडं आली आन लक्ष्मी झाली. हलू नका, संपादक."

मी संपादक नव्हतो, आजही नाही. उपसंपादक आहे. तुम्हाला तो फरक कधी महत्त्वाचा वाटला नाही. दाढ निघाली, थाळीत पडली, आणि तुम्ही माझ्या हातात भिंग दिलेत. रक्ताने भिजलेला कापूस दाताखाली धरून मी एका नाण्यावरच्या गरुडाच्या शेपटीची पिसे मोजली. नोकरीत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ माहिती दिली आहे, पण अशा अवस्थेत कुणी नाही.

माहिती अशी होती. मिरजेच्या मिशन दवाखान्यात पूर्वी एक अमेरिकन डॉक्टर होते. रजेवर मायदेशी गेले की आजोबांच्या पेटीतले चांदीचे डॉलर घेऊन येत आणि नाताळात नर्सना, आयांना, वॉर्डबॉयना एकेक देत. डॉलर आपल्या दोन रुपयांहून जड. एका बाजूला बाईचा मुखवटा, तिच्या केसांत गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बोंडे. डोक्यावर गहू आणि कापूस मिरवणारी बाई इकडच्या माणसाने लक्ष्मी सोडून दुसरी कोण मानावी? डॉलर देव्हाऱ्यात गेले. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख लावून घासले गेले. बाईच्या कपाळाला हळदकुंकू लागले, बोटाने पुसले गेले, पुन्हा लागले.

तुम्ही त्यांच्या मागे लागलात, कारण ते सारखे दिसत आणि सारखे नव्हते. १८७८ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने हा डॉलर मारायचे पहिले पोलादी ठसे केले तेव्हा मागच्या बाजूच्या गरुडाला शेपटीत आठ पिसे दिली. मग सात करायचे ठरले. घाई होती. आठ पिसांचे काही तयार ठसे टाकून देण्याऐवजी त्यांच्यावरच सात पिसांची छाप पुन्हा दाबली. त्या ठशांनी मारलेल्या डॉलरवर सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोके बाहेर आलेली दिसतात. कुठे तीन, कुठे पाच, कुठे सात. टोके मोजली की ठसा कळतो, आणि ठसा कळला की एका ठशाची भावंडे ओळखता येतात. एक मिरजेत, एक मालगावात, एक कुपवाडला कुणाच्या तरी देव्हाऱ्यात.

"सरकारी चूक हाय ही," तुम्ही म्हणायचात. "झाकायला गेले आन कायमची छापून बसले."

लोक आपली लक्ष्मी दुसऱ्याच्या घरी ठेवायला तयार नसत. म्हणून कवळीसाठी जबड्याचे माप घ्यावे तसे तुम्ही नाण्याचे माप घेत होता. डॉलरची मालकीण खुर्चीत बसून डोळ्यात तेल घालून पाहत असे. तिच्यासमोर मेणात नाणे दाबायचे, मेणात प्लास्टर ओतायचे, नाणे पुसून तिला परत द्यायचे. चकत्या नंतर शेजारी शेजारी ठेवून, दिवा तिरका करून टोके मोजायची. हे दंतवैद्यालाच सुचू शकते.

नियम एकच शिकवलात. ठशाला तडा गेला किंवा ओरखडा पडला तर नाण्यावर त्याची उंच रेघ उमटते, आणि ती त्या ठशाच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटते. नाण्याला नंतर जे होते, घाव, ओरखडा, झीज, ते खोल असते आणि त्या एकाच नाण्याचे असते. "उंच ती ठशाची, खोल ती माणसाची." एकच खोल खूण दोन नाण्यांवर दिसली तर त्यातले निदान एक ओतलेले आहे.

याबद्दल तुमचा मी ऋणी आहे. पुढाऱ्याचे निवेदन हातात आले की मी अजून आधी हेच बघतो, यातले सगळ्यांनी म्हणून दाखवलेले काय आणि या माणसाचे स्वतःचे काय.

सोनाबाई त्याच दिवसांत आल्या. नाव बदलले आहे, गाव देत नाही. मिशन दवाखान्यातल्या जुन्या आया, मिरजेकडच्या एका खेड्यात राहतात, मागेपुढे कुणी नाही. कवळीचे माप द्यायला आल्या होत्या आणि तुम्ही सवयीने विचारलेत, "आये, अमेरिकन डॉक्टरांनी काय दिलंय का?" त्यांनी कमरेच्या पिशवीतून डॉलर काढला. तुम्ही भिंग लावलेत आणि स्टुलावरून उठून उभे राहिलात. सात पिसांखाली सातच्या सात टोके, स्वच्छ. असा डॉलर तुम्ही तोवर पाहिला नव्हता.

"आये, कडेला हा घाव कसला?"

"मालकांनी सराफकट्ट्यावर दावला हुता, चांदी हाय का कथील म्हनून. त्या मुडद्यानं छिन्नी मारली माज्या लक्षुमीला."

"आन कपाळाला काय झालं?"

"कपाळाला काय व्हतंय? कुकू लावती मी."

तुम्ही हसलात आणि भिंग मला दिलेत. झिजलेली जागा तिरक्या पडलेल्या जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती. "घाव आपल्या सराफाचा, कपाळ आपल्या बाईचं," तुम्ही म्हणालात, "बाकी समदं अमेरिकेचं." आणि मला समजावलेत की तिकडे वापरात फिरलेला डॉलर कानावरच्या केसांवर झिजतो, कारण ती जागा सगळ्यात उंच. एकट्या कपाळावर झिजत नाही. तिकडे त्या बाईला कुणी कुंकू लावत नाही.

तुमच्याकडच्या प्लास्टरमध्ये ती बारीक टोके नीट उतरेनात. बाळासाहेबांचा साताऱ्यात राजवाड्याजवळ कवळ्या आणि दातांच्या टोप्या करायचा कारखाना. त्यांच्याकडे उंची प्लास्टर होते आणि सोन्याच्या टोप्या ओतायची कला होती. मेणाचा दात करायचा, तो साच्यात बंद करायचा, मेण वितळवून त्याच्या जागी धातू सोडायचा. केसाचाही फरक पडत नाही. तुम्ही सोनाबाईंना म्हणालात, "आये, सख्खा भाऊ हाय माझा. दोन दिसांत आनून देतो." त्यांनी लक्ष्मी पहिल्यांदा घराबाहेर ठेवली ती तुमच्या या शब्दावर.

एसटीने आपण दोघे साताऱ्याला गेलो. बाळासाहेबांनी कंदी पेढ्यांचा पुडा सोडला.

"घ्या पत्रकार. दात पडला तर भ्याचं कारन न्हाई, आमी हाय की बसवायला."

माणूस गमत्या. कामगारांना नावाने नाही, दातांच्या नावाने हाका मारत होता, "ए सुळ्या, च्या आन." मी पुष्कळ हसलो होतो, हे नोंदवतो. डॉलर हातात घेऊन त्यांनी तळहातावर तोलला. "कुनाचा?"

"हाय एक म्हातारी मिरजेकडची. जप."

"दादा, बाईच्या पापनीचा केस बी सुटायचा न्हाई. बघाच तुमी."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मग डॉलर आला, काडेपेटीत, कापसात गुंडाळून, सोबत सुरेख चकती. त्याच संध्याकाळी सोनाबाई कवळीसाठी आल्या आणि तुम्ही काडेपेटी तशीच त्यांच्या हातात दिलीत. अनोळखी माणसाचा डॉलर तुम्ही भिंगाखाली अर्धा तास धरत होता. सख्ख्या भावाकडून आलेला डॉलर तुम्ही काडेपेटीतून बाहेरही काढला नाहीत. आपल्याकडे भावाने दिलेली वस्तू त्याच्यादेखत किंवा त्याच्यामागे तपासून घेत नाहीत. तो अपमान समजतात.

पुढच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या समारंभाची बातमी करायला मी पाचगणीला गेलो. बाजारात स्ट्रॉबेरी जाम आणि चपला यांच्यामध्ये एका दुकानाच्या काचेत डॉलर होता. दुकानदार म्हणाला, "सात टोकांचा हाय सायेब, लय दुर्मीळ. सांगलीच्या डाक्टरांनी पास केलेला माल." मी हातात घेतला. बोटाला साबणासारखा गुळगुळीत लागला. कड कोरी होती. कपाळावर जोंधळ्याचा दाणा होता.

मी तो विकत घेतला. परत आलो तर हळदीच्या बाजारातले एक शेठ, तुमचे जुने पेशंट, भेटले आणि खिशातून आपला डॉलर काढून दाखवू लागले. त्यावरही तोच दाणा, तसाच तिरका. मी तो दोन दिवसांसाठी मागून घेतला.

दोन्ही डॉलर तुमच्या खुर्चीच्या थाळीत ठेवले. फळीवरून तुम्ही साताऱ्याची चकती काढलीत, तिन्ही ओळीने मांडलीत, दिवा तिरका केलात. बाहेर कुणीतरी दाढ धरून विव्हळत होते.

"कपाळ," तुम्ही म्हणालात.

मी चकती उजेडाकडे सरकवली.

"घाव बुजवला त्यानं. मेणात घाव भरून घेतला, गिऱ्हाइकाला घाव नगं असतो. कपाळ तसंच ठेवलं."

"का?"

"त्याला ते झिजलेलं दिसलंच न्हाई. आमच्या आईच्या देव्हाऱ्यातलं नाणं बी असंच हाय. लहानपनापास्नं तेच बघितलं. त्याला वाटलं, बाईचं कपाळ असंच असतंय."

बाळासाहेबांनी जुनी चांदी वितळवून एका डॉलरचे किती डॉलर केले हे मला कळलेले नाही. मला ठाऊक असलेल्या प्रत्येकावर सोनाबाईंचे बोट आहे.

तुम्ही उठलात, बेसिनपाशी गेलात, साबणाने हात धुतलेत, पुसलेत आणि पुन्हा धुतलेत. मी विचारले, "सोनाबाईंकडे आता कोणता आहे?"

तुम्ही म्हणालात, "पुढचा पेशंट बोलवा."

आपला वाद इथून सुरू झाला आणि मंगळवारी एका बाजूने बंद पडला.

मी बातमी छापू म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "आई हाय तवर नगं. तिला झेपायचं न्हाई." ठीक. पुढच्या वर्षी आई गेल्या. मी दहावा-तेरावा जाऊ दिला आणि विचारले. तुम्ही म्हणालात, "बाळूच्या पोरीचं लगीन ठरतंय." लग्न साताऱ्यात झाले, मीही जेवून आलो. बाळासाहेबांनी फेटा बांधून दारात सगळ्यांना अत्तर लावले, माझ्याही मनगटाला लावले. तो वास परतीच्या एसटीत कराडपर्यंत जात नव्हता. लग्नानंतर विचारले तोवर आणीबाणी आली होती. तुम्ही म्हणालात, "आता कुनाच्या बातम्या छापून येत्यात?"

"डॉलरवर सेन्सॉर नाही, डॉक्टर."

"लय शहाने हाय तुमी."

"तुम्ही झाकताय."

"भाऊ हाय त्यो माजा. तुमाला न्हाई कळायचं. तुमाला भाऊ न्हाई."

"सोनाबाईंनाही नाही," मी म्हणालो. "त्यांना डॉलर होता."

त्यानंतर आपण बरेच दिवस बोललो नाही. मग तुम्ही निरोप पाठवलात की वरच्या बाजूची दाढ बघायला हवी. मी आलो. तुम्ही माझे तोंड उघडे ठेवलेत आणि गरुडाबद्दल, पिसांबद्दल, कुपवाडला सापडलेल्या नव्या भावंडाबद्दल बोलत राहिलात. मला बोलता येत नव्हते. ती व्यवस्था तुम्हाला सोयीची होती.

बाळासाहेबांचा मला राग येतो. राग साधा असतो. किळस येते ती दुसऱ्या एका गोष्टीची. हा शब्द मी बातमीत वापरत नाही, इथे वापरतो. मी त्या शेठना त्यांचा डॉलर परत केला तेव्हा ते तो घेऊन तुमच्या दवाखान्यात आले. मी तिथेच होतो. त्यांनी तळहात पुढे केला. "डॉक्टर, कसा काय आमचा माल?" भिंग तुमच्या खिशात होते. ते तुम्ही काढले नाहीत. तुम्ही म्हणालात, "जपून ठेवा." शेठ खूश होऊन गेले आणि डॉक्टरांनी पास केला असे बाजारभर सांगत सुटले. तुम्ही खोटे बोलला नाहीत. दोन शब्द असे निवडलेत की खोटे दुसऱ्याने बोलावे. ज्या बोटांनी तुम्ही ठशातली शंभर वर्षांची लबाडी उकरून काढत होता, त्याच बोटांनी तुम्ही शेठच्या गालात कापूस सारलात आणि त्यांना तोंड मिटायला सांगितलेत.

शोकसभा रविवारी झाली. अध्यक्ष तेच शेठ. तुमच्या फोटोला हार, समोर पाट, पाटावर ताटलीत शेठचा डॉलर. डॉक्टरांच्या नावाने जुन्या नाण्यांचे दालन काढायचे आणि हा डॉलर त्यातली पहिली वस्तू, असे जाहीर झाले. बाळासाहेब बोलायला उठले. 

"ठसा कसा वळखायचा, हे मला दादांनी शिकवलं," ते म्हणाले. "खरं काय आन खोटं काय, हे मला दादांनी शिकवलं."

ताटली लोकांतून फिरवली. बायकांच्या रांगेत एकीने करंडा काढला आणि डॉलरवरच्या बाईला कुंकू लावले. बोट बरोबर त्या दाण्यावर पडले. तिच्यामागे आणखी चौघींनी लावले.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठून विचारले, हे नाणे कुणी भिंगाने पाहिले आहे का?

शेठ म्हणाले, "खुद्द डॉक्टरांनी पाहिलंय."

टाळ्या पडल्या.

सभेनंतर बाळासाहेबांनी मला सायकलींच्या रांगेपाशी गाठले. हातात पेढ्याचा पुडा होता, तो त्यांनी पुढे केला नाही.

"पत्रकार, एक इचारू? दसऱ्याला दादा साताऱ्याला आलं, आन खरा घिऊन गेलं. बघून माघारी देतो म्हनलं. घरात कुठं न्हाई. टेबलात एक घावला, त्यो आमचाच निघाला. समदी कपाटं बघितली. चकत्या बी फोडून बघितल्या, आत घातलाय का काय म्हनून. तुमाला ठाव असंल."

"खरा?"

"व्हय. खरा."

"मग हातात दिलात तो?"

ते माझ्याकडे पाहून हसले. "गेलेल्या मानसाला काय भिंग असतंय व्हय?"

मी तुमच्या घरी गेलो. फळीवर जबडे होते. चकत्यांचा चुरा केरसुणीने कोपऱ्यात लोटलेला होता. मिरज, मालगाव, कुपवाड, सगळी भावंडे एका ढिगात, कुठे गरुडाचा पंख, कुठे बाईची हनुवटी. कोणता ठसा कोणाकडे, हे तुमच्या डोक्यात होते आणि या चकत्यांत होते. आता कुठेच नाही. वहिनींनी तुमचे भिंग मला दिले. बाळासाहेबांनी ते नेले नव्हते.

छापण्यापूर्वी बाळासाहेबांचे म्हणणे विचारायला मी साताऱ्याला गेलो. ते म्हणाले, "माजं काय म्हननं न्हाई. दादांचं नाव जाईल, तेवढं बघा." तुम्हीही एवढी वर्षे हेच सांगत होता, फक्त नाव त्यांचे होते. पुष्कळ विचार केला. माझ्यापुढे तुमचे नाव एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तो एकच प्रश्न होता, ज्यावर तुम्ही पुढचा पेशंट बोलवायला सांगितलेत. तेव्हा साताऱ्याहून परतताना मी सांगलीला न उतरता पुढे सोनाबाईंच्या गावाला गेलो.

सोनाबाई अंगणात शेंगा चाचपून निवडत होत्या, जवळचे त्यांना पूर्वीपासूनच धूसर दिसते. तुम्ही गेल्याचे त्यांना कळले होते.

"लय चांगला मानूस," त्या म्हणाल्या. "कवळी बघा की, अजून भाकरी चावती."

मी डॉलरबद्दल विचारले.

"हाय की. द्याव्हाऱ्यात हाय. डाक्टर आलं हुतं दिवाळीच्या आदी. एकलंच आलं. म्हनलं, आये, लक्षुमी द्या, औंदा माज्या हातानं घासून देतो. म्या म्हनलं, आवं डाक्टर, ही काय तुमची कामं? ऐकलं न्हाई. चिंच मागितली, राख मागितली. तिकडं मोरीवर माज्याकडं पाठ करून बसलं आन घासली. ओल्या हातानंच दिली. आन मग पाया पडलं माज्या."

"काय म्हणाले?"

"काय बी न्हाई. म्या म्हनलं, येवढं मोठं तुमी, हे काय करताय? डोळं पुसलं आन गेलं. च्या बी घेतला न्हाई."

"डॉलर पहिल्यासारखाच आहे?"

"तसाच हाय की. का? काय झालं व्हतं त्याला?"

मी म्हणालो, काही नाही, बघायचा आहे. त्यांनी आतून आणून दिला आणि समोर उभ्या राहिल्या. मी उजेडात गेलो, तुमचे भिंग लावले. कपाळावर दिवाळीचे कुंकू होते, ते मी पुसले नाही. मागची बाजू वर केली. शेपटीत सात पिसे आहेत. त्यांच्याखाली सात टोके आहेत. मग कड फिरवली. सराफाचा घाव जागेवर आहे.